मेंदूतील फुगवटा, प्लॅटिनमची तार आणि बिलाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. ज्यांचा मूळ हप्ता ५० हजार होता, त्यांचे वर्षाला ९ हजार रुपये वाचले. त्याच दिवसापासून अनेक वैद्यकीय उपकरणांवरचा करही ५ टक्क्यांवर आला. दोन्ही निर्णय चांगले आहेत. आपल्यासारख्या निवृत्त मंडळींच्या घरखर्चात औषधपाणी आणि विमा हेच मोठे खाते असते, तेव्हा तिथे झालेली बचत मोलाचीच.

पण आयुष्य बँकेत काढल्यावर एक सवय लागते. व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरला म्हणून कर्जदार खूश असला, तरी आपली नजर मुद्दलावर असते. विम्याचा हप्ता हे व्याज समजा. मुद्दल म्हणजे प्रत्यक्ष उपचाराचा खर्च. त्या मुद्दलाचे काय झाले, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. ती करण्यासाठी मी एकच आजार आणि त्यावरचा एकच उपचार निवडला आहे: मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगवटा, ज्याला डॉक्टर अॅन्युरिझम म्हणतात, आणि तो आतून बंद करणारी कॉइल.

हाच आजार का? कारण तो पूर्वसूचना न देता येतो, निर्णय काही तासांत घ्यावा लागतो, आणि बिलातील एक मोठी रक्कम अशा परदेशी बनावटीच्या वस्तूची असते जिचे किती नग लागतील हे कोणालाच आधी सांगता येत नाही. ग्राहकाने चार दुकाने फिरून भाव करावा, हा बाजाराचा नेहमीचा नियम इथे लागूच पडत नाही. आपली आरोग्यव्यवस्था आणि विमा यांची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

आजार नेमका काय

सायकलच्या जुन्या ट्यूबची एखादी जागा विरते आणि हवा भरली की तिथे फुगा येतो, हे आपल्या पिढीने पाहिलेले आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांना जिथे फाटे फुटतात, तिथे असाच फुगवटा तयार होऊ शकतो. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा असा, की साधारण १०० प्रौढांमागे ३ जणांना असा फुगवटा असतो. बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही आणि त्याचा त्रासही होत नाही. त्यामुळे ही टक्केवारी वाचून कोणी घाबरून जाऊ नये.

मात्र ज्या थोड्यांचा तो फुटतो, त्यांची परिस्थिती गंभीर असते. मेंदूभोवतीच्या आवरणात रक्त पसरते. सुमारे १० ते १५ टक्के रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावतात. जे पोहोचतात त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी भीती असते ती पुन्हा रक्तस्राव होण्याची, आणि तो धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. म्हणून फुगवटा शक्य तितक्या लवकर, जमल्यास २४ तासांच्या आत बंद करावा, असे आजचे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते.

ओळखायची खूण एकच आणि ठळक आहे: क्षणात, वीज कोसळावी तशी सुरू झालेली डोकेदुखी. रुग्ण स्वतःच सांगतो, "एवढे डोके जन्मात कधी दुखले नव्हते." सोबत उलटी, मान आखडणे, उजेड सहन न होणे, एका डोळ्याची पापणी खाली येणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही असू शकते. अशा वेळी पित्त झाले असेल, ऊन लागले असेल म्हणून बाम चोळून पडून राहणे किंवा अॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेणे धोक्याचे आहे. साधा सीटी स्कॅन पहिल्या काही तासांत केला तर हा रक्तस्राव जवळपास नेहमीच दिसतो. पुढे जसजसा वेळ जातो तसे तो दिसण्याचे प्रमाण कमी होते.

हा आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. उच्च रक्तदाब आणि धूम्रपान ही धोका वाढवणारी दोन मोठी कारणे आहेत, आणि दोन्ही आपल्या हातातली आहेत. सख्ख्या नात्यात दोघांना हा आजार झालेला असेल, तर इतरांनी डॉक्टरांशी बोलून तपासणीचा विचार करावा.

कवटी न उघडता

१९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची क्ष-किरण छायाचित्रे काढण्याची पद्धत आणली आणि फुगवटा जिवंत माणसात दिसू लागला. १९३७ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुगवट्याच्या मानेवर धातूची क्लिप लावली. पुढची पन्नासहून अधिक वर्षे हाच मुख्य उपाय होता, आणि आजही तो उत्तम उपाय आहे.

दुसरा मार्ग काढला गुइडो गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी. विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने फुगवट्यात रक्ताची गुठळी करता येईल का, याचे प्रयोग ते करत असताना धातूचे टोक प्रवाहामुळे झिजून गळून पडल्याचे त्यांना दिसले. तोच धागा पकडून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवी तेव्हा सुटी करता येणारी प्लॅटिनमची कॉइल तयार केली. १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली.

पद्धत अशी: जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून एक नळी मानेपर्यंत नेतात. तिच्या आतून आणखी बारीक नळी पडद्यावर बघत बघत थेट फुगवट्यात पोहोचवतात. मग प्लॅटिनमची अतिशय मऊ तार आत सोडली जाते. बाहेर सरळ असलेली ही तार आत गेली की वेटोळे घेते. जागेवर नीट बसली अशी खात्री झाली की ती सुटी करतात. नाही बसली तर परत ओढून घेता येते. आधी फुगवट्याच्या आकाराची चौकट बांधणारी कॉइल, मग पोकळी भरणाऱ्या छोट्या कॉइल, आणि शेवटी मानेजवळची जागा बंद करणारी आणखी छोटी, असा क्रम असतो. सर्व धातू मिळून पोकळीचा साधारण चौथा हिस्सा भरला तरी पुरते. उरलेली जागा रक्त स्वतःच गोठून भरून काढते. नवीन रक्ताचा झोत आत शिरायचा थांबतो आणि फुटण्याचा धोका कमी होतो.

ही पद्धत खरोखर चांगली की नुसती नवी? त्याचे उत्तर मुख्यतः ब्रिटनमध्ये आणि काही प्रमाणात इतर देशांत झालेल्या 'आयसॅट' नावाच्या मोठ्या चाचणीने दिले. फुटलेला फुगवटा असलेल्या आणि दोन्ही उपचार शक्य असलेल्या २१४३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार वर्षाअखेर मृत्यू किंवा परावलंबित्व हे कॉइल गटात २३.७ टक्के आणि क्लिप गटात ३०.६ टक्के होते. म्हणजे १०० रुग्णांमागे सुमारे ७ जण अधिक बरे राहिले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणीत नवे रुग्ण घेणे मध्येच थांबवण्यात आले.

पण ताळेबंदाला दुसरी बाजू असतेच. त्याच चाचणीतील रुग्णांच्या पुढील नोंदींत कॉइल गटातील १७.४ टक्के रुग्णांवर पुन्हा उपचार करावे लागले, तर क्लिप गटात हे प्रमाण ३.८ टक्के होते. काही जागचे आणि काही आकारांचे फुगवटे आजही क्लिपनेच बरे बंद होतात. रक्ताची मोठी गाठ मेंदूवर दाब देत असेल तर कवटी उघडावीच लागते. म्हणून "कॉइल म्हणजे आधुनिक, क्लिप म्हणजे जुनाट" असा सरसकट निष्कर्ष काढू नये. ज्या केंद्रात दोन्ही करणारे अनुभवी डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात, ते केंद्र चांगले.

बिलात काय काय असते

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे पैशांकडे येऊ. क्लिपच्या उपचारात साधारणपणे एका फुगवट्याला एक, क्वचित दोन-तीन क्लिप लागतात. खर्चाचा अंदाज बांधता येतो. कॉइलचे तसे नाही. फुगवटा लहान असेल तर दोन-तीन कॉइलमध्ये काम होते. मोठा असेल तर आठ-दहाही लागू शकतात. मान रुंद असेल तर तार बाहेर निसटू नये म्हणून तात्पुरता फुगा किंवा कायमचा स्टेंट लागतो. काही फुगवट्यांसाठी कॉइलऐवजी किंवा कॉइलसोबत 'फ्लो डायव्हर्टर' नावाची दाट जाळीची नळी मूळ वाहिनीतच बसवतात. यांतले काय आणि किती लागेल, हे डॉक्टरांना प्रत्यक्ष काम करतानाच नक्की कळते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे कमाल मर्यादा न ठरवलेले कर्जखाते आहे. रुग्णालय देते तो 'अंदाज' असतो. त्यावर सही करणारा मुलगा किंवा सून त्या क्षणी काय वाटाघाटी करणार? आत टेबलावर आई आहे आणि बाहेर येऊन कोणी सांगते, "आणखी दोन कॉइल लागतील." नाही म्हणणारा कोण?

शिवाय कॉइल बसली म्हणजे खर्च संपला असे नाही. फुटलेल्या फुगवट्यात खरी लढाई पुढच्या दोन-तीन आठवड्यांत असते. साधारण चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याअखेरपर्यंत मेंदूच्या वाहिन्या आकसण्याचा धोका असतो. त्यासाठी निमोडिपिन हे औषध २१ दिवस द्यायची पद्धत आहे. काहींच्या मेंदूत पाणी साचते आणि ते काढायला वेगळी शस्त्रक्रिया लागते. म्हणजे अतिदक्षता विभागातील मुक्काम लांबतो. पुढे काही महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि वर सांगितल्याप्रमाणे काहींना पुन्हा उपचार. अर्धांगवायूचा किंवा विस्मरणाचा त्रास राहिला तर फिजिओथेरपी आणि घरी माणूस ठेवण्याचा खर्च वेगळाच. विम्याची सामान्य पॉलिसी यातला शेवटचा भाग सहसा देत नाही.

सरकारी योजना कुठे पुरते, कुठे नाही

आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या दरपत्रकात या उपचाराचा समावेश होता ही समाधानाची गोष्ट. त्यात पहिल्या तीन कॉइल आणि गरज पडल्यास फुगा किंवा स्टेंट धरून १ लाख रुपये, आणि त्यापुढच्या प्रत्येक कॉइलला २४ हजार अशी मांडणी होती. म्हणजे सहा कॉइल लागल्या तर १ लाख ७२ हजार, आठ लागल्या तर २ लाख २० हजार.

हा हिशेब मी मुद्दाम मांडतो आहे, कारण त्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, सरकारने नगावर दर लावला, म्हणजे कॉइलला एक वाजवी भाव असू शकतो हे सरकारने मान्य केले. दुसरी, दर खऱ्या खर्चापेक्षा कमी पडला तर रुग्णालय असा रुग्ण घ्यायला नाखूश होते, आणि जास्त पडला तर नग वाढवण्याचा मोह होतो. नगावर पैसे देण्याच्या कोणत्याही पद्धतीत हा धोका असतोच. आपल्या शाखेत वसुली एजंटला नोटिशीमागे पैसे दिले की नोटिसा वाढतात आणि वसुली तेवढीच राहते, हे आपण पाहिले आहे.

आपल्या गुजरातेत जुलै २०२३ पासून या योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला १० लाख झाली. ऑक्टोबर २०२४ पासून देशभर ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांचे संरक्षण मिळाले. बडोद्यातील आपल्या मंडळींपैकी सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाने ते कार्ड काढून ठेवावे, मग घरची परिस्थिती कशीही असो.

पण हा आजार सत्तरीची वाट बघत नाही. फुगवटा फुटण्याचे प्रमाण पन्नाशी-साठीतही लक्षणीय असते. पन्नास ते सत्तर या वयातला, दारिद्र्यरेषेच्या वर असलेला, नोकरीतला गट विमा संपलेला किंवा संपत आलेला मध्यमवर्गीय माणूस सरकारी योजनेत बसत नाही. खाजगी विमा नवा घ्यायचा तर हप्ता जड आणि जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ. आपल्या मंडळाचे निम्मे सभासद याच पोकळीत उभे आहेत, असे माझे निरीक्षण आहे.

विमा आहे त्यांच्यासाठी

ज्यांच्याकडे विमा आहे त्यांनी नियामकाचे काही नियम तोंडपाठ ठेवावेत. २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे, आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षे. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू असेल तर माहिती लपवली या कारणावरून, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, दावा नाकारता येत नाही.

आणखी एक नियम या उपचारात फार मोलाचा. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की कंपन्या बाकीचे बिलही त्याच प्रमाणात कापतात, हे अनेकांनी अनुभवले असेल. पण २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे औषधे, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. कॉइल हे शरीरात बसवायचे उपकरण आहे. तेव्हा खोली महाग घेतली म्हणून कॉइलच्या रकमेत कापाकापी झाली, तर तक्रार करायला पूर्ण आधार आहे. त्यासाठी बिलात प्रत्येक कॉइलची स्वतंत्र ओळ हवी आणि वेष्टनावरचे स्टिकर कागदपत्रांना जोडलेले हवेत. "उपकरणे व साहित्य" अशी एकच गोळाबेरीज रक्कम मान्य करू नये.

किंमत बांधावी का

आता मूळ प्रश्न. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली. औषधलेपित स्टेंट लाखाच्या वर विकला जात होता, तो २९,६०० रुपयांवर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची किंमत बांधली गेली. मेंदूच्या कॉइलला अशी कमाल किंमत नाही. २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली, त्यामुळे छापील किंमत वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढाच लगाम. पण सुरुवातीलाच किंमत चढी छापली असेल तर १० टक्क्यांच्या मर्यादेचा उपयोग काय?

छापील किंमत आणि रुग्णालयाची खरेदी किंमत यांत किती अंतर असू शकते, याची झलक याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांच्या अभ्यासातून दाखवली होती. काही वस्तूंवरचा नफा १७०० टक्क्यांच्याही वर निघाला होता. तो अभ्यास कॉइलचा नव्हता, हे स्पष्ट सांगतो. पण ज्या बाजारात रुग्ण भाव विचारू शकत नाही, त्या बाजारात छापील किमतीवर विश्वास का ठेवू नये, हे त्यातून समजते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. स्टेंटची किंमत बांधल्यावर काही परदेशी कंपन्यांनी आपले वरच्या दर्जाचे स्टेंट भारतातून परत घेण्याची परवानगी मागितली होती. स्टेंट लाखोंच्या संख्येने खपतात, म्हणून कंपन्या अखेर टिकल्या. कॉइलचा खप त्या मानाने फारच थोडा. त्यातही लांबी, जाडी, मऊपणा यांचे कित्येक प्रकार रुग्णालयाला कायम हाताशी ठेवावे लागतात, कारण रात्री दोन वाजता कोणता लागेल सांगता येत नाही. भाव फार खाली दाबला तर कंपनी माल ठेवणार नाही, आणि लहान शहरातील केंद्राचे कपाट आधी रिकामे होईल. मग बडोद्याच्या रुग्णाला अहमदाबाद किंवा मुंबई गाठावी लागेल. स्वस्त कॉइल कागदावर असण्यापेक्षा महाग कॉइल कपाटात असलेली बरी, असे कोणी म्हटले तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

माझ्या मते मधला मार्ग उपलब्ध आहे आणि सरकारने तो वापरूनही पाहिला आहे. २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवर, आणि २०२१ मध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर व काही घरगुती उपकरणांवर, किंमत न बांधता विक्रीसाखळीतील नफ्याला मर्यादा घातली. उत्पादकाने आपली किंमत ठरवावी, पण त्यानंतर वितरक आणि रुग्णालय मिळून किती चढवतात याला कुंपण असावे. कॉइल, फ्लो डायव्हर्टर आणि त्यांच्या सोबतच्या नळ्या यांना हीच पद्धत लावली, तर पुरवठा न आटता बिल कमी होऊ शकते. जोडीला प्रत्येक केंद्राने आपल्याकडील कॉइलचे दर रुग्णाच्या कुटुंबाला उपचारापूर्वी लेखी द्यावेत. किती नग लागतील ते सांगता येत नसेल, पण एका नगाचा भाव तर सांगता येतो!

खरा दीर्घकालीन उपाय म्हणजे देशी उत्पादन. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या मिश्रधातूतून देशी फ्लो डायव्हर्टर विकसित केला, आणि २०२० मध्ये त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या एका कंपनीला देण्याचा करार झाला. त्या वेळच्या सरकारी निवेदनात परदेशी उपकरणाची किंमत सात ते आठ लाख दिली होती. प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतचा प्रवास चाचण्यांमुळे लांबचा असतो आणि तो तसाच असावा, कारण मेंदूत बसवायच्या वस्तूला घाई चालत नाही. पण दिशा योग्य आहे. याच संस्थेने हृदयाची देशी झडप करून दाखवली होती, हे विसरू नये.

न फुटलेल्या फुगवट्याचा प्रश्न

हल्ली साध्या चक्करेसाठीही एमआरआय होतो आणि त्यात अचानक फुगवटा सापडतो. इथे घाई नसते, आणि म्हणूनच इथे विचारपूर्वक वागायला वाव असतो. लहान आकाराचे, विशिष्ट जागचे बरेच फुगवटे फुटण्याची शक्यता फार कमी असते. उपचारालाही स्वतःचा धोका असतो. म्हणून वय, रक्तदाब, आकार, जागा आणि पूर्वीचा रक्तस्राव पाहून अनेकदा "फक्त लक्ष ठेवू या" हाच सल्ला योग्य ठरतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच राज्यात, अहमदाबादेतील एका खाजगी रुग्णालयात काय घडले ते आपण वाचले आहे. महेसाणा जिल्ह्यातील गावात शिबिर भरवून रुग्ण आणले गेले, सरकारी योजनेखाली अँजिओप्लास्टी झाल्या, दोघांचा मृत्यू झाला आणि प्रकरण पोलिसांत गेले. ते हृदयाचे प्रकरण होते. पण पैसे देणारा तिसराच असेल, रुग्णाला समजत नसेल आणि उपकरण महाग असेल, तर काय होऊ शकते याचा तो इशारा आहे. न फुटलेल्या फुगवट्यावर कोणी "उद्याच भरती व्हा" म्हणाले, तर दुसऱ्या केंद्रातील मत घेतल्याशिवाय सही करू नये. फुटलेल्या फुगवट्यात मात्र दुसऱ्या मताच्या शोधात वेळ घालवू नये. हा फरक लक्षात ठेवला तरी लेख वाचल्याचे सार्थक झाले.

घरी आजच करण्यासारखे

पैसे असूनही वेळेवर हाती न येणे, हे मी शाखेत अनेकदा पाहिले आहे. नवरा-बायकोच्या नावे मुदत ठेव असते, पावतीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलेले असते, आणि सगळे समजतात की कोणीही एकाने सही केली की झाले. मुदत संपल्यावर ते खरे आहे. पण मुदतीपूर्वी ठेव मोडायची असेल तर बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. या आजारात एक जण बेशुद्ध असतो. नामनिर्देशनाचा उपयोग मृत्यूनंतर, जिवंतपणी नाही. म्हणून आपल्या बँकेत जाऊन, मुदतपूर्व पैसे एकाच्या सहीने काढता येतील का आणि त्यासाठी दोघांचे कोणते लेखी अधिकारपत्र लागते, हे आजच विचारून घ्या. शिवाय काही रक्कम प्रत्येकाच्या स्वतःच्या बचत खात्यात राहू द्या.

एका पाकिटात पॉलिसीची प्रत, सरकारी योजनेचे कार्ड, आधारची प्रत आणि रोज घेत असलेल्या गोळ्यांची यादी ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर लाल खूण करा. डॉक्टरांना ते सर्वांत आधी हवे असते. १०८ ला फोन करताना "अचानक असह्य डोकेदुखी, अर्धवट शुद्ध" असे नेमके सांगा.

आणि एक विनंती आपल्या मंडळाला. शहरातील कोणत्या रुग्णालयात मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी आणि कॉइलचा उपचार रात्रीही होतो, तिथे क्लिप लावणारे शल्यविशारद आहेत का, कोणती योजना आणि कोणते विमे चालतात, याची एक पानी यादी करावी. दर सहा महिन्यांनी ती तपासावी. दोन-तीन निवृत्तांनी मनावर घेतले तर महिन्याभराचे काम आहे. मी त्यातला एक व्हायला तयार आहे.

हप्त्यावरचा कर गेला हे उत्तमच झाले. आता कॉइलच्या भावाचा प्रश्न आपण आपल्या लोकप्रतिनिधींपुढे आणि ग्राहक संघटनांपुढे मांडला पाहिजे. ज्याच्या घरी ही वेळ येते, त्याला तेव्हा हा प्रश्न विचारता येत नाही. तो आधीच, ज्यांच्या घरी आज सगळे ठीक आहे त्यांनी विचारायचा असतो.